वाकू नको, बस

दादा, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. मुलगा पंधरा वर्षांचा, हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षाला. शाळेच्या जेव्ही, म्हणजे मुख्य संघाच्या खालच्या, अमेरिकन फुटबॉल टीममध्ये लेफ्ट गार्ड खेळतो. उंची पाच फूट दहा इंच, वजन 188 पाउंड. ताकद आहे, वेट रूममध्ये कुणाला ऐकत नाही. पण मॅचमध्ये पहिली धडक जोरात देतो आणि पुढच्या क्षणी तोंडावर पडलेला असतो, नाहीतर समोरचा पोरगा बाजूने निसटून क्वार्टरबॅकपर्यंत पोचलेला असतो. तीन मॅचमध्ये चार वेळा होल्डिंग, म्हणजे समोरच्याला धरल्याचा दंड, लागलं. आता दोन आठवडे त्याच्या जागी दुसऱ्यालाच आधी उतरवतात. ह्यांचं म्हणणं, वजन कमी पडतंय, वीस पाउंड वाढव. प्रोटीनचा डबा घरात येऊन पडलाय. मला या खेळातलं काही कळत नाही, फक्त त्याच्या डोक्याची भीती वाटते. घरी काही करून घेता येईल का?
– एक आई

ता. क. कोच त्याला सारखं म्हणतात, 'तू वाकतोस, बसत नाहीस.' याचा अर्थ आम्हा दोघांनाही लागलेला नाही.

*

ताई,

तुमचं पत्र मी ता. क.पासून वाचायला हवं होतं. तुमच्या कोचनी चार शब्दांत सांगितलंय, माझं पुढचं सगळं उत्तर त्याचाच विस्तार आहे.

हे वाक्य मी दोन ठिकाणी ऐकलंय. एकदा इथे अमेरिकेत, चौदा वर्षांपूर्वी. थोरल्याला प्रॅक्टिसला सोडायला गेलो होतो, लाइनच्या कोचना पाण्याच्या बाटल्या वाहायला माणूस हवा होता, आणि त्या दिवसापासून मी तिथेच अडकलो. आणि त्याच्या कितीतरी आधी सांगलीकडच्या एका तालमीत. वस्ताद कमरेवर पालथा हात मारायचे आणि म्हणायचे, "कंबर मोडून उभा राहिलास तर तुझी मान समोरच्याच्या हातात. खाली बस." मी पहिलवान झालो नाही. दोन वर्षांत गुडघा धरून बाहेर पडलो. पण ती थाप अजून आठवते.

ज्यांच्या घरात हा खेळ शिरलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अकरातले पाच जण म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन: मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. सेंटरने पायांमधून बॉल मागे क्वार्टरबॅकला, म्हणजे चाल चालवणाऱ्या खेळाडूला, दिला, म्हणजे स्नॅप झाला, की या पाचांनी समोरच्यांना रोखायचं किंवा बाजूला सारायचं. बॉल यांच्या वाट्याला येत नाही. 50 ते 79 मधला नंबर पाठीवर असला की पुढे फेकलेला पास झेलायची परवानगीच नसते. त्यामुळे लोकांची नजर यांच्यावर जाते ती पंचांचा पिवळा रुमाल, म्हणजे चुकीची खूण, पडल्यावरच. आईला आपला मुलगा मैदानावर नेमकं काय करतो ते कळत नाही, यात आईचा काही दोष नाही.

आता वाकणं आणि बसणं. खाली पडलेली पेन्सिल उचलताना आपण वाकतो: गुडघे सरळ, कमरेत घडी, डोकं पुढे, भार पायाच्या बोटांवर. उकिडवं बसतो तेव्हा घोटे, गुडघे आणि खुबे एकदम मिटतात, पाठ सपाट राहते, टाचा जमिनीला असतात, छाती समोर बघते. डोक्याची उंची दोन्हीकडे सारखीच, म्हणून पोराला वाटतं आपण खाली आहोत. फरक कळतो धडक बसल्यावर. वाकलेल्या पोराला ढकलायचीही गरज पडत नाही. खांद्याला धरून जरा खाली ओढलं, किंवा नुसतं बाजूला झालं, की तो आपल्याच वजनाने लवंडतो. तुमचा लेक तोंडावर पडतो तो असा.

होल्डिंगचं मूळही तिथेच आहे. हात समोरच्याच्या छातीच्या चौकटीत असेपर्यंत पंच सहसा काही बोलत नाहीत. पण अंगाचा तोल पुढे गेलेला, पाय मागे राहिलेले, आणि समोरचा कडेने निघाला की हात त्याच्या खांद्याबाहेर जातो आणि मुठीत जर्सी येते. रुमाल पडतो, टीम दहा यार्ड मागे. घरी कुणी त्याला 'हात आवर' म्हणत असेल तर तेवढं बंद करा. त्याचे हात पायांची उधारी फेडतायत.

आज रात्री एक करा. त्याला अनवाणी, टाचा टेकवून, काही न धरता उकिडवं बसायला सांगा. आपल्या आज्या भाजी निवडताना अर्धा-अर्धा तास तशा बसायच्या. इथली पोरं खुर्चीत, गाडीत आणि कमोडवर मोठी झालेली. वेट रूममध्ये 300 पाउंड खांद्यावर घेऊन स्क्वॉट मारणारा पोरगा टाचा टेकवून बसायला गेला आणि मागे कोलमडला, हे मी एकदा नाही, दर मोसमात बघतो. जाड टाचेचे बूट घालून, अर्ध्यावर जाऊन वर येणं वेगळं. घोटा पुढे दुमडत नसेल तर शरीर खाली जायला दुसरी जागा शोधतं, आणि ती जागा म्हणजे कंबर. कोच जे वर्षभर तोंडाने सांगतात ते घोट्याला ऐकूच जात नाही.

तेव्हा आधी घोटे. दाराची चौकट धरून उकिडवं बसायचं, दोन मिनिटं सकाळी, दोन रात्री. दात घासताना केलं तर वेगळा वेळही लागत नाही. पिंढऱ्या ताणायच्या. मग बैठका, सावकाश, पाठ सपाट ठेवून. शाळेच्या व्यायामाचा विचका होईल एवढ्या नकोत, वीस-पंचवीस पुरे. आजोबा भारतातून येणार असतील आणि त्यांनी कधीकाळी जोर-बैठका मारल्या असतील तर पोराला त्यांच्या ताब्यात द्या. आठवड्यात फरक दिसणार नाही. महिन्या-दीड महिन्यात दिसतो.

मग पवित्रा. तीन टेकूंचा असतो: दोन पाय, एक हात. पाय खांद्यांपेक्षा किंचित रुंद, मागच्या पायाचा चवडा पुढच्या पायाच्या कमानीच्या रेषेत, पाठ टेबलासारखी, मान वर. तो असा बसला की तुम्ही हळूच जाऊन त्याचा टेकलेला हात चापटीने उडवा. जागचा हलला नाही तर पवित्रा बरोबर. नाकावर आला तर भार हातावर आहे. हे काम बाबांपेक्षा आईने केलेलं बरं, बाबा जोरात मारतात.

त्या हातातली आणखी एक गंमत सांगतो. समोरचा मुरलेला डिफेन्सिव्ह टॅकल डोळ्यांकडे बघत नाही, बोटांकडे बघतो. बोटांची पेरं दाबून पांढरी पडली असली की भार पुढे आहे, म्हणजे रन, बॉल घेऊन पळायची चाल, येतोय. बोटं नुसती गवताला लागलेली आणि बूड मागे सरकलेलं असलं की पास. पंधरा वर्षांचं पोर तोंडाने गुपित राखतं आणि पेरांनी सांगून मोकळं होतं. म्हणून चाल कुठलीही असो, हात सारखाच हलका.

पहिलं पाऊल सहा इंचांचं. वीतभरसुद्धा नाही. पोरांना धावत जाऊन आदळायचं असतं, पण दोन्ही बाजूंच्या मधली पट्टी बॉलच्या लांबीएवढी, म्हणजे साधारण 11 इंचांची, तिथे धावणार कुठे? पहिलं पाऊल दिशा धरायला. दुसरं जमिनीत रोवायचं, आणि दुसरं रोवलं की धडक. तुम्ही लिहिलंय त्यावरून माझा अंदाज असा, की तो पहिलंच पाऊल लांब टाकतो आणि दुसरा पाय हवेत असताना आदळतो. आवाज मोठा येतो, बाकावरचे 'ओह' करतात, आणि एका पायावरचा माणूस पडतो. धडकेनंतर पाय थांबवायचे नाहीत. छोटी पावलं, पाय एकमेकांपासून लांब, शिट्टी होईपर्यंत.

याचा सराव गॅरेजमध्ये होतो. जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करा: इथून सहा इंच पहिलं, तिथे दुसरं. रोज वीस वेळा, अंगावर काही नाही, समोर कुणी नाही. बाबांना सहभागी व्हायचं असेल तर सोफ्याची उशी छातीशी धरून उभं राहावं आणि दुसरं पाऊल टेकायच्या आत उशीला हात लागला तर तो डाव बाद करावा. पाय जवळ येत असतील तर फूटभर रुंदीची फळी जमिनीवर ठेवून दोन्ही पाय तिच्या दोन्ही बाजूंना ठेवत पुढे जायचं. फळीवर पाय पडला की चूक त्याची त्याला कळते, तुम्हाला बोलावं लागत नाही.

आमच्या मैदानाच्या कोपऱ्यात लोखंडी पाइपांचा एक बुटका मांडव आहे. त्याखाली पवित्रा घ्यायचा आणि वर न उठता पलीकडे निघायचं. काही वर्षांपूर्वी एक पोरगा होता, सगळ्यांत दांडगा. पहिल्या पावलाला खाली आणि दुसऱ्या पावलाला ठण्ण! हेल्मेट पाइपवर. दहा वेळा ठण्ण. तो मला म्हणाला, मी खालीच होतो. मी बाजूने फोनवर घेतलेला व्हिडिओ दाखवला. डोकं खरंच खाली होतं, पण गुडघे सरळ होते आणि बूड आभाळात. अशा स्थितीतून पाऊल टाकायचं तर आधी धड वर उचलावंच लागतं. त्याने तो व्हिडिओ चार वेळा बघितला, काही बोलला नाही, आणि अकराव्या वेळी ठण्ण झालं नाही. कोचिंग म्हणून मी त्या दिवशी एवढंच केलं, फोन आडवा धरला.

तुमच्याही शाळेत मॅचचे व्हिडिओ बहुधा हडल या व्हिडिओच्या साइटवर चढत असतील. मुलाला स्वतःचे डाव बघायला सांगा, पण प्रत्येक डावाचं पहिलं एकच सेकंद. बॉल कुठे गेला, टचडाउन झाला का, काही नाही. दोन पावलं आणि बूड. मग पुढचा डाव. वीस डाव बघायला दहा मिनिटं लागत नाहीत.

हातांचं थोडक्यात. अंगठे वर, कोपरं बरगड्यांना, पंजे समोरच्याच्या छातीवर आतल्या बाजूला. आत ज्याचे हात, त्याच्या हातात समोरचा. आखाड्यात सलामीनंतर जी खडाखडी चालते, मनगट झटक, दंड धर, मान दाब, ती पाहिलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. हात ढकलायला नाहीत, धरायलाही नाहीत, समोरच्याला आपल्यापासून मोजक्या अंतरावर ठेवायला आहेत. ढकलणं पायांनी आणि खुब्यांनी होतं.

पासच्या वेळी मात्र सगळं उलटं, आणि ताकदवान पोरं इथेच जास्त फसतात. रनमध्ये आपण जायचं, पासमध्ये त्याला येऊ द्यायचं. तुमचा लेक पासच्या डावातही झेपावतोय, म्हणून कडेने वाट मिळते. गार्डने किंचित मागे आणि आतल्या बाजूला राहून बसून सरकायचं, पाय जमिनीला चिकटल्यासारखे, एकमेकांना कधी न ओलांडता. बाहेरून, लांबच्या वाटेने गेला तर जाऊ दे, आतून, क्वार्टरबॅककडच्या जवळच्या वाटेने नाही. आणि हात तोवर टाकायचा नाही जोवर समोरचा टप्प्यात येत नाही. हे सोपं वाटतं. समोरून दोनशे पाउंडांचा पोरगा येत असताना हात राखून थांबणं हा धीराचा भाग आहे. घरी धाकटं भावंड असेल तर आरसा खेळायला लावा: पाच यार्डांच्या पट्टीत धाकट्याने डावी-उजवीकडे पळायचं, थोरल्याने हात पाठीमागे बांधून बसल्या बसल्या त्याच्या समोर राहायचं. हात बांधले की पाय शिकतात. धाकटी बहीण असेल तर उत्तमच, बहिणी जास्त फसवतात.

आता वजन. तुमच्या यजमानांना राग येईल, पण प्रोटीनचा डबा दुकानात परत करून या. 188 पाउंडांच्या पोराची घडी कमरेत पडते, ती 208 पाउंडांच्या पोराचीही कमरेतच पडणार, फक्त पडल्याचा आवाज मोठा येईल. जेव्हीच्या गार्डला हे वजन पुरतं. वाढीचं वय आहे, डाळ-भात, अंडी, दूध, चिकन खात असेल तर व्यायामाने जे भरायचं ते भरेल. घाईने चढवलेल्या वजनाचा दुसरा धोका ऑगस्टमध्ये असतो. मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक संघाचा कोरी स्ट्रिंगर हा ऑफेन्सिव्ह टॅकल ट्रेनिंग कँपमधल्या सरावात उष्माघात होऊन 1 ऑगस्ट 2001 रोजी गेला, वय 27. मोठ्या अंगाची लाइनमधली पोरं तापतात लवकर आणि निवतात उशिरा. पुढच्या उन्हाळ्यात पहिल्या आठवड्यात त्याला गरगरलं, मळमळलं, तो बोलताना अडखळला तर तिथल्या तिथे थांबायचं आणि बर्फाच्या पाण्यात बसायचं. 'जरा सहन कर' हे वाक्य घरातून जाऊ नये.

डोक्याबद्दल. तुमची भीती खोटी नाही, आणि मी ती घालवायचा प्रयत्नही करणार नाही. दोन गोष्टी सांगतो. 1976 पासून हायस्कूलच्या नियमांत हेल्मेट पुढे घालून धडक देण्याला बंदी आहे. म्हणजे तुमचा लेक कमरेत वाकून डोकं पुढे करतो, तेव्हा तो पडण्याचीच नाही, तर नेमक्या त्याच मनाई असलेल्या धडकेची तयारी करत असतो. बसायला शिकला तर हात आधी पोचतात, डोकं मागे राहतं. तंत्र आणि तुमची काळजी इथे एकाच बाजूला आहेत. दुसरं, तुमच्या राज्याने 2019 साली मोसमात पूर्ण धडकेचा सराव आठवड्याला 90 मिनिटांवरून 15 मिनिटांवर आणला. पंधरा मिनिटं, अख्ख्या आठवड्यात! आमच्यातले जुने कोच तेव्हा कपाळाला हात लावून बसले होते, की आता लाइन तयार व्हायची कशी. झाली. उलट पावलांना आणि पवित्र्याला वेळ मिळाला. धडकून धडकून शिकायची सोयच उरलेली नाही, म्हणून गॅरेजमधल्या चिकटपट्टीला आता किंमत आहे. आणि डोक्याला मार लागल्याचा संशय आला, ट्रेनरने मैदानाबाहेर बसवलं, तर तो बाहेर बसेल. त्यावर घरात मतदान नको.

मोसम संपला की डिसेंबरात शाळेची कुस्ती सुरू होईल. त्याला पाठवा. हे मी माझ्या लाल मातीच्या प्रेमापोटी म्हणतोय असं वाटेल, थोडं तसं आहेही. पण स्टीफन नील नावाचा एक माणूस कॉलेजात फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता. 1998 आणि 1999 साली तो अमेरिकेचा कॉलेज कुस्तीतला हेवीवेट विजेता होता, 1999 मध्येच फ्रीस्टाइलचा जगज्जेता झाला, आणि 2004 च्या मोसमात सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकणाऱ्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा राइट गार्ड होता. बसणं, खुबे फिरवणं, समोरच्याचा भार अंगावर कळणं हे त्याला येत होतं. बाकीचं त्याला शिकवता आलं. तुमचा लेक मॅटवर पहिल्या महिन्यात हरेल. हरू दे. जो कमरेत वाकतो त्याचा पट तिथे पहिल्या अर्ध्या मिनिटात निघतो, आणि मग ते वाक्य कोचना परत सांगावं लागत नाही.

कोचकडे तुम्ही किंवा बाबांनी जाऊ नका. त्यानेच जावं, प्रॅक्टिस संपल्यावर, स्लेड, म्हणजे ढकलायच्या सरावाचा जड सांगाडा, ओढायला मदत करताना. 'मला बाहेर का बसवलं' असं विचारू नये. 'माझं दुसरं पाऊल उशिरा पडतंय का, बघाल का?' असं विचारावं. लाइनच्या कोचला कुणी पावलांबद्दल विचारलं तर तो अंधार पडेपर्यंत थांबतो, हे मी घरचे बोल खाऊन सांगतोय.

आणि तुम्ही. पुढच्या मॅचला कागद-पेन्सिल घेऊन बसा. बॉलकडे बघू नका, सवय लागेपर्यंत पहिले तीन-चार डाव नजर तिकडे जाईलच. मग फक्त तुमच्या लेकाच्या पायांकडे बघा. धडक बसली त्या क्षणी दोन्ही पाय जमिनीवर होते का? होते तर उभी रेघ, नव्हते तर आडवी. शेजारची बाई विचारेल काय लिहिताय, तर भाजीची यादी म्हणून सांगा. मॅच झाल्यावर लगेच दाखवू नका, आधी त्याला जेवू दे. तो कागद मला पाठवा, रेघा मी मोजतो.